महामंदीत अमेरिकन लोक खरंच नोकरीसाठी रशियात गेले होते का?

हो, हजारोंनी गेले. 1929 नंतर अमेरिकेत कारखाने बंद पडत होते आणि सोव्हिएत संघाला पंचवार्षिक योजनेसाठी कुशल कामगार हवे होते. न्यूयॉर्कमधल्या ‘आमतोर्ग’ या सोव्हिएत व्यापारी कंपनीकडे अर्जांचा ढीग लागला. निझनी नोव्हगोरोडचा मोटार कारखाना तर फोर्डच्याच मदतीने उभा राहिला. पण पुढे अनेकांचे पासपोर्ट काढून घेतले गेले आणि 1937-38च्या स्टालिनच्या दमनसत्रात कित्येक जण मारले गेले किंवा छळछावण्यांत पोचले.

मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो रॉबर्ट रॉबिन्सन. डेट्रॉईटच्या फोर्डमधला हा कृष्णवर्णीय टूलमेकर 1930 मध्ये एका वर्षाच्या करारावर स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्यात गेला. नंतर त्याने सोव्हिएत नागरिकत्व घेतलं. देशाबाहेर पडायची परवानगी मागत राहिला, नकार येत राहिले. शेवटी सुटला तो 1974 मध्ये, युगांडामार्गे.