'विकार' म्हणावं की 'आजार'?

प्रश्न असा आहे: 'डिसऑर्डर'साठी मराठीत 'विकार' बरोबर की 'आजार'? आणि स्वमग्नतेला (ऑटिझमला) विकार म्हणताना जीभ अडखळते, ते योग्य आहे का?

माझ्या मते जीभ अडखळते ते योग्यच आहे.

'विकार' म्हणजे मुळात नुसता बदल. व्याकरणात नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे 'विकारी' शब्द. 'घोडा'चं 'घोड्याला' होतं, त्यात बिघडत काहीच नाही, रूप तेवढं बदलतं. 'आजार' मात्र फारसीतून आला आणि तिथे त्याचा अर्थच पीडा. एका शब्दात बदल आहे, दुसऱ्यात दुःख.

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, त्याच्या सूत्रस्थान या भागात, हे दोन्ही एकाच श्लोकात आलंय:

विकारो धातुवैषम्यं साम्यं प्रकृतिरुच्यते।
सुखसंज्ञकमारोग्यं विकारो दुःखमेव च॥

पहिली ओळ म्हणते, धातूंचा, म्हणजे शरीर घडवणाऱ्या घटकांचा, समतोल ढळणं म्हणजे विकार. दुसरी म्हणते, विकार म्हणजे दुःखच. हा श्लोक मला फार मोलाचा वाटतो, कारण आजचा तात्त्विक वादही बराचसा या दोन ओळींमधलाच आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ क्रिस्टोफर बूर्स यांनी १९७७ मध्ये पहिल्या ओळीच्या जवळची बाजू मांडली: शरीराचा एखादा भाग त्याचं नैसर्गिक काम नीट करत नसेल तर तो रोग, मग कुणाला काहीही वाटो. याच विषयाचे अभ्यासक जेरोम वेकफील्ड यांनी १९९२ मध्ये दोन्ही अटी घातल्या: बिघाड हवा आणि त्यानं माणसाचं नुकसानही व्हायला हवं. बाळंतपणाच्या कळा असह्य असतात, पण तो बिघाड नाही, म्हणून विकारही नाही.

दुसरी ओळ विसरली की काय होतं? समलैंगिकता अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९७३ पर्यंत विकार होती. ती वगळताना दिलेलं कारण हेच, की तिच्यामुळे माणसाला त्रास होतोच असं नाही आणि त्याचं जगणंही अडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून ती निघायला १९९० उजाडलं. तोवर नसलेल्या आजारावरचे उपचार किती जणांनी सोसले असतील!

घरात बोलताना आपण 'विकार' क्वचितच म्हणतो. 'काकांना दम्याचा त्रास आहे' म्हणतो. हा 'त्रास' म्हणजे चरकाची दुसरी ओळ.

तेव्हा निदानाच्या कागदावर 'डिसऑर्डर'ला 'विकार' लिहा. हृदयविकार, त्वचाविकार हे शब्द रुळलेलेच आहेत. स्वमग्नतेला मात्र बोलताना नुसतं 'स्वमग्नता' म्हणा, 'विकार'चं शेपूट नको. मूल कान झाकून कोपऱ्यात बसलं असेल तर 'त्याला आवाजाचा त्रास होतो' असं सांगा. ऐकणाऱ्याला लगेच मिक्सर बंद करायचं सुचतं.