नकार त्याच दिवशी द्यावा

प्रिय वकीलबाई,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा कार्यालयाच्या पत्रकाचा मसुदा, दोन्ही मिळाले. वरिष्ठ, त्यांचे भागीदार आणि तू अशा तिघांच्या कार्यालयाने आपण कोणती कामे करतो म्हणून सांगावे, या प्रश्नावर तू अडलीस आणि वरिष्ठांना विचारायचा संकोच वाटला म्हणून मला लिहिलेस, हे बरे केलेस. दिवाणी, फौजदारी, महसूल, कौटुंबिक, मोटार अपघात, ग्राहक तक्रारी, चेक बाउन्स, इथपर्यंत मी निमूटपणे वाचले. पुढे प्राप्तिकर, कंपनी कायदा आणि पेटंट आले तेव्हा चष्मा काढून ठेवला. पेटंट एजंट व्हायला नुसती सनद पुरत नाही, विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. तुम्हां तिघांपैकी ती कोणाकडे आहे?

आधी नियमाचे बोलू, कारण तो तुला परीक्षेपुरता पाठ असेल. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, पत्रके वाटता येत नाहीत, दलालांमार्फत कामे मिळवता येत नाहीत, आणि दारावरच्या पाटीवर सुद्धा अमुक प्रकारच्या कामात आपण तज्ज्ञ आहोत असे सुचवता येत नाही. २००८ सालच्या दुरुस्तीने एवढीच मुभा दिली की संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनदेचा तपशील, पात्रता आणि कामाचे क्षेत्र सांगावे. म्हणजे पत्रक छापण्याचा तुझ्या वरिष्ठांचा बेत मुळातच बसत नाही. आणि जिथे क्षेत्र सांगायची मोकळीक आहे, तिथे जे सांगायचे ते खरे असावे, एवढी अपेक्षा कोणीही करील.

माझे म्हणणे एकच आहे आणि ते तुला या पत्रात पुन्हा पुन्हा ऐकावे लागेल. जे काम आपल्याला येत नाही ते नाकारावे, आणि ज्या दिवशी आले त्याच दिवशी नाकारावे. यातला पहिला भाग सगळे वकील मान्य करतात. दुसरा पाळणारे थोडे. ‘कागद ठेवून जा, बघतो’ हे आपल्या व्यवसायातले सर्वांत महागडे वाक्य आहे, आणि त्याची किंमत नेहमी अशील मोजतो.

समज, एक गृहस्थ चेक परत आल्याचा बँकेचा मेमो घेऊन आले. मेमो हातात पडून चोवीस दिवस झालेले, कारण समोरचा माणूस ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणत राहिला. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ प्रमाणे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत मागणीची लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला पंधरा दिवस. तेही गेले की तक्रारीसाठी एक महिना. तक्रारीला झालेला उशीर सबळ कारण दाखवल्यास न्यायालय माफ करू शकते, नोटिशीचा उशीर माफ करण्याची तरतूदच कायद्यात नाही. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने उलटले नसतील तर तो पुन्हा बँकेत भरून नव्याने मेमो मिळवता येतो, पण ते सुचायला त्या दिवशी कोणीतरी ती तारीख डोळ्यांनी पाहिलेली असावी लागते. जमिनीच्या दाव्यांत गढलेल्या वकिलाच्या कपाटावर त्यांची कागदांची पिशवी आठवडाभर पडून राहिली, की त्या गृहस्थांच्या हाती उरतो तो केवळ वसुलीचा दिवाणी दावा, कोर्ट फी भरून आणि वर्षे मोजून चालवायचा. हा वकील अप्रामाणिक नव्हता. त्याला नाही म्हणायला जड गेले, एवढेच.

म्हणून माझ्या कार्यालयातून परत जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात एक चिठ्ठी असते. तिच्यावर आजची तारीख, पाहून परत दिलेल्या कागदांची नावे, मुदत कोणत्या दिवशी संपते ते लाल शाईने, आणि हे काम ज्यांना येते अशा दोन वकिलांची नावे. दोन, कारण एकच नाव दिले तर लोकांना त्यात साटेलोटे दिसते, आणि त्यांना तसे दिसावे हे वावगेही नाही. त्या वकिलांकडून मी कधी काही घेतलेले नाही. चिठ्ठीची कार्बन प्रत आपल्याकडे राहते.

तू लगेच परिषदेचाच नियम ११ पुढे करशील: आपल्या योग्यतेला साजेशी फी मिळत असेल तर वकील काम घ्यायला बांधलेला आहे. बरोबर आहे, पण त्याच नियमात विशेष परिस्थितीत नाकारण्याची वाटही ठेवलेली आहे. तो नियम नावडत्या आरोपीला वकील मिळावा यासाठी आहे, आपल्या अज्ञानाला आडोसा मिळावा यासाठी नाही. माणूस आवडत नाही म्हणून नाकारशील, तर मला तोंड दाखवू नकोस. विषय येत नाही म्हणून नाकारलेस, तर नियमाचा भंग झाला असे मला तरी कोणी पटवू शकणार नाही.

फौजदारीची ओळही तपासून पाहा. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिता, नंतरच्याला भारतीय न्याय संहिता, अशी दोन्ही पुस्तके पुढची कित्येक वर्षे टेबलावर लागणार आहेत. वर्षाला एखाद-दुसरा जामीन अर्ज करणाऱ्याने फौजदारी वकील म्हणवून घेऊ नये.

मग लहान कार्यालयाने करायचे काय, असे तू विचारलेस, आणि त्यात थोडी निराशा मला दिसली. अगं, जे काम आपल्याइतके कोणालाच येत नाही ते तुझ्या यादीत ‘दिवाणी’ या एका शब्दात कोंबलेले आहे. वाटपाचा दावा घे. न्यायालय हिस्से ठरवून देते. पण सारा आकारलेल्या शेतजमिनीचे सरसनिरस, म्हणजे प्रत्यक्ष जमिनीवरचे, वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तिथून तहसीलदार, मोजणी, हरकती, आणि शेवटी सातबाऱ्यावर नाव. हुकूमनामा मिळाला की पेढे वाटणारे अशील मी पुष्कळ पाहिले. खरे काम त्यानंतर सुरू होते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावायला बारा वर्षांची मुदत आहे, आणि ती संपत आली असताना पिवळी पडलेली नक्कल घेऊन वारस येतात. ताब्याचे वॉरंट घेऊन बेलीफ शेतावर पोचतो तेव्हा बांधावर कोण उभे राहील, कोण तिऱ्हाइताच्या नावाने अडथळा आणील, जुन्या फेरफारात कोणाचे नाव कधी वगळले गेले, हे मोठ्या शहरातल्या, पाच मजली कार्यालयाच्या वकिलाला कुठून ठाऊक असणार? ते तुला दोन वर्षांत ठाऊक होईल, जर प्रत्येक नक्कल शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचलीस तर. मुलींच्या हिश्श्याचे प्रश्न हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने नव्याने उभे राहिले आहेत. त्या एका विषयात तीन वकिलांना जन्मभराचे काम आहे.

आता तू म्हणशील की हे सांगणाऱ्याचे कार्यालय इतक्या वर्षांनंतरही दोन खोल्यांचेच का आहे. तुझ्या जागी मीही तेच विचारले असते. एका बँकेच्या वकिलांच्या यादीत माझे नाव यायचे होते. मोठ्या कर्जांच्या कंपनी कायद्याखालच्या कामाला मी नाही म्हणालो आणि यादीतून बाहेर राहिलो. माझे सहकारी, ज्यांचे नाव माझ्या शेजारी कागदावर छापलेले असे, ते याच कारणाने निघून गेले. जाताना ते म्हणाले की शिकता शिकता काम करता येते, सगळे तसेच शिकतात. त्यांचे कार्यालय आज मोठे आहे आणि ते चांगले वकील आहेत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. त्यांच्यासारखा उलटतपास घेणारा माणूस मला पुन्हा मिळाला नाही, आणि ती चुटपुट अजून आहे. पण शिकायचे तर ज्याला येते त्याच्या हाताखाली, त्याचे नाव वकीलपत्रावर असताना शिकावे. अशिलाच्या एकुलत्या एका जमिनीवर शिकू नये. या बाबतीत मला हट्टी म्हणतात. म्हणू देत.

एक गोष्ट मात्र घाईघाईत विसरू नकोस. ‘फी परवडणार नाही’ म्हणून परत जाणाऱ्या बाईला नुसता नकार देऊन पाठवणे हा नकार नव्हे, ते हात झटकणे झाले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारातच असते. चिठ्ठीवर तेही लिही, आणि शक्य असेल तर चार पावले सोबत जा.

राहिला तू न विचारलेला प्रश्न: कार्यालयाने आधीच अंगावर घेतलेल्या आणि कोणालाच न येणाऱ्या कामांचे काय? ती असणार, तुझा मसुदाच सांगतो. नियम १२ प्रमाणे पुरेसे कारण आणि वाजवी नोटीस दिल्याशिवाय काम सोडता येत नाही, आणि सोडले तर न केलेल्या कामाची फी परत करावी लागते. तेव्हा वरिष्ठांची संमती घेऊन पुढची तारीख लांब असलेली प्रकरणे आधी निवड. उद्या साक्षीपुरावा असलेले काम आज टाकणे हा अशिलाचा घात आहे. फी थकली म्हणून कागद अडवून ठेवण्याचा विचार कोणी काढला तर सांग, की वकिलाला तसा हक्क नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केले आहे. सर्व मूळ कागद यादी करून परत दे, पुढची तारीख लेखी कळव, आणि यादीच्या खाली अशिलाची पोच घ्यायला विसरू नकोस.

तुझा,
एक जुना वकील