आखेनला येतेस तर शेजारच्या देशांचे प्रांतही शिकून घे

ताई, तू दोन गोष्टी विचारल्यास. जर्मनीत आखेनला ॲडमिशन झाली आहे, पण खोली फाल्समध्ये स्वस्त मिळतेय, सिटी बसने जाण्यासारखी, तर घ्यावी का? आणि तिकडच्या लोकांना आपला विदर्भ कुठे आहे हे ठाऊक असतं का? मी वरुड तालुक्यातला, तू मोर्शीकडची, म्हणजे धुऱ्याला धुरा लागलेला. मोकळेपणाने लिहितो.

आधी खोलीचं. फाल्स नेदरलँड्समध्ये आहे. बस हद्द ओलांडते तेव्हा कळतही नाही, पण तुझा निवास परवाना जर्मनीचा असणार. त्यावर शेंगेनच्या, म्हणजे एकमेकांच्या सीमांवर सहसा तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या, दुसऱ्या देशात १८० दिवसांत ९० दिवस जाऊन येता येतं, बिऱ्हाड करता येत नाही. युरोपीय संघाच्या देशांतली मुलं तिथे खुशाल राहतात, कारण त्यांना तो हक्क आहे. आपल्याला नाही. चार पैसे जास्त गेले तरी खोली आखेनच्या हद्दीतच घे आणि राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदव. त्याला इथे आनमेल्डुंग म्हणतात. पलीकडे फिरायला जाताना पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड जवळ ठेव. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी लावली.

आता दुसरा प्रश्न. जर्मनीला नऊ देश लागून आहेत, त्यामुळे मला वाटायचं की इथल्या माणसांना शेजाऱ्यांचा कोपरा न् कोपरा पाठ असेल. तसं नाही. माझा एक सहकारी कोलोनचा. दर उन्हाळ्यात झेलंडच्या समुद्रावर जातो, भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ. पण नेदरलँड्सचे बाकीचे अकरा प्रांत विचार, दोनच्या पुढे जात नाही, आणि अख्ख्या देशाला हॉलंड म्हणतो. मास्ट्रिख्टच्या मित्राला ते लागतं. उत्तर आणि दक्षिण हॉलंड हे बारापैकी दोन प्रांत, तो लिंबुर्गचा. त्याचं दुखणं मला कळतं, कारण मलाही इथे सगळे मुंबईचाच समजतात.

सीमेवरच्या माणसाचं मात्र वेगळं असतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी बेल्जियममधल्या ऑयपेनच्या. एकदा त्यांनी जेवणाच्या टेबलावरच नकाशा मांडला: कॉफीचा कप म्हणजे आखेन, पावाचा तुकडा ऑयपेन, मध्ये आडवी सुरी. मग सुरी उचलून पावाच्या पलीकडे ठेवली आणि म्हणाल्या, माझी आई जन्मली तेव्हा सीमा इथे होती. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये तो भाग बेल्जियमला गेला. घर तेच, चूल तीच, देश बदलला. आजही तिथे घरात नि शाळेत जर्मनच चालते.

मला लगेच आपल्या हद्दीपलीकडचं, मध्य प्रदेशातलं पांढुर्णा आठवलं. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती. रेषा नंतर बदलली, पण सौसर-पांढुर्ण्याच्या घरांतली मराठी तशीच राहिली. माझी आत्या पांढुर्ण्याला दिलेली, त्यामुळे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे तिथली दगडफेकीची जत्रा, पाहायला आम्ही दुसऱ्या राज्यात जातोय हे डोक्यातही यायचं नाही. सोयरीक, बाजार आणि बस जिथवर जाते तिथवरचाच भूगोल माणसाला येतो. आपल्याकडे बांगलादेशचे विभाग कोण सांगेल? पण वरुडच्या संत्रा व्यापाऱ्याला विचार. बेनापोलची सीमा, तिथे अडलेले ट्रक, ढाक्याने वाढवलेलं आयात शुल्क, सगळं तो सांगेल, कारण त्याचा माल तिथून जातो. म्हणून इथे कोणाला विदर्भ माहीत नसला तर मनाला लावून घेऊ नकोस. नागपूर दाखव, मग सातपुडा, मग मोर्शी. लोक मनापासून ऐकतात.

तुला स्वतःला मात्र इथला शेजार शिकावाच लागेल. लिंबुर्ग नेदरलँड्समध्ये आहे, बेल्जियममध्येही आहे, शिवाय जर्मनीत लान नदीवर त्याच नावाचं शहर आहे. लक्झेंबर्ग देशही आहे आणि बेल्जियमचा प्रांतही. आपल्याकडे कारंजा म्हटलं की लाड की घाडगे हे विचारतोच ना, तसं इथे कोणता देश ते विचारायचं. पहिल्या वर्षी ‘रविवारी लिंबुर्गला ये’ एवढ्यावर निघालो आणि मास्ट्रिख्टच्या स्टेशनवर दीड तास थांबलो. बोलावणारा बेल्जियमच्या हासेल्टला वाट पाहत होता.

पाट्यांचंही तेच. बेल्जियममधलं एकच शहर जर्मन पाटीवर ल्युटिख, डच भागात लाउक, फ्रेंच भागात लिएज. खुद्द आखेनला डच लोक आकेन म्हणतात, फ्रेंच लोक एक्स-ला-शापेल. ही नावं निघायच्या आधी वहीत लिहून ठेव, रात्री गाडी बदलताना कामी येतील.

खोलीचा करार आला की डिपॉझिट भरण्याआधी पत्ता मला पाठव. रस्त्याच्या नावावरून हद्द कोणती ते मी सांगतो.