मी विकत असलेलं पझल दुसऱ्याच्या डिझाइनची नक्कल आहे असा आरोप झालाय. शिल्लक मालाचं काय करू?

तुमचा प्रश्न मी असा समजले: तुम्ही ट्विस्टी पझलच्या, म्हणजे रुबिक क्यूबसारख्या फिरवून सोडवायच्या कोड्यांच्या, शौकिनांना माल विकता. कारखान्याकडून घेतलेल्या एका पझलवर एका डिझायनरने पत्र पाठवून हक्क सांगितलाय, कारखाना म्हणतो डिझाइन आमचंच. गिऱ्हाइकांत दोन तट पडलेत आणि चाळीसेक नग तुमच्याकडे पडून आहेत. मी सात वर्षं हाच धंदा करते आणि अशा तीन भानगडींतून गेले आहे. एकीत डिझायनर खरा होता, दुसरीत नव्हता. तिसरीत कोण खरं होतं ते मला आजही सांगता येणार नाही, म्हणून ती सोडून देते.

आधी आजचं काम. विक्री थांबवा, नग मोजून खोक्यात भरा, खोक्यावर तारीख आणि आकडा लिहा. विक्री थांबवली म्हणजे चूक कबूल केली असं कोणी म्हणेल, म्हणू द्या. ‘मी बनवत नाही, फक्त विकतो’ ही ढाल मात्र पुढे करू नका. अमेरिकेच्या पेटंट कायद्यात वस्तू बनवणं, विकणं, विकायला मांडणं आणि आयात करणं हे सगळं एकाच ओळीत बसतं आणि ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून विकणारा सुटत नाही. कॉपीराइटच्या बाबतीत काही देशांत विक्रेत्याला ठाऊक होतं की नाही हे पाहतात, पण तुम्हाला पत्र आलंय. आता ठाऊक आहे. पत्र वकिलाकडून आलं असेल तर उत्तरही वकिलाकडूनच जाऊ द्या आणि माझं पुढचं सगळं त्यांना विचारून करा.

यानंतर बहुतेक विक्रेते दोन्ही पझलांचे फोटो शेजारी ठेवून तासन्‌तास बघत बसतात. मीही बसले होते. त्यातून काही निघत नाही. डिझायनरचा एक नग पूर्ण किंमत मोजून विकत घ्या, स्क्रूड्रायव्हर घ्या आणि दोन्ही उघडा.

माझ्या पहिल्या भानगडीतलं पझल अष्टफलक होतं. डिझायनर घरच्या थ्रीडी प्रिंटरवर एकेक नग काढून विकायचा, आणि कारखान्याने तसंच पझल साच्यातून काढलं होतं. बाहेरून पाहिलं तर आकार थोडा वेगळा, रंग वेगळे, स्टिकरऐवजी रंगीत प्लास्टिक. मी दोन्ही सुटे करून तुकडे टेबलावर ओळीने मांडले. कोअर, म्हणजे ज्याच्याभोवती सगळे तुकडे फिरतात तो मधला सांगाडा, सारखा वाटला, पण कोअर सारखा असणारच. मग कडेच्या तुकड्याचा पाय, म्हणजे आत अडकणारा भाग, हातात घेतला. पायाच्या एकाच बाजूला जेमतेम दोन मिलिमीटरची उथळ खाच होती. डिझायनरला विचारलं तर तो हसला. प्रिंट करताना पहिले एकदोन थर किंचित पसरतात आणि तो पाय फिरताना अडकायचा, म्हणून त्याने तिथे खाच ठेवली होती. साच्यातून येणाऱ्या तुकड्याला हे थर नसतातच. तरी कारखान्याच्या तुकड्यालाही खाच होती, त्याच बाजूला, तेवढीच.

मी दोन्ही फोटो कारखान्याला पाठवले आणि एकच प्रश्न विचारला, या खाचेचं काम काय? चार दिवस काही नाही. मग उत्तर आलं की त्याने टर्निंग मऊ होतं. मी एका नगाच्या सगळ्या खाचा पुट्टीने बुजवल्या, वाळल्यावर घासून जोडणी केली आणि फिरवून पाहिलं. टर्निंगमध्ये तसूभर फरक नव्हता.

बिनकामाची गोष्ट सारखी निघाली तर ती बोलते. कामाची गोष्ट सारखी निघाली तर तिच्यावर फार भरवसा ठेवू नका, कारण भूमितीच माणसाला एका ठरावीक वाटेने नेते. एर्नो रुबिकने १९७५ मध्ये हंगेरीत पेटंटचा अर्ज केला आणि त्याच सुमारास जपानमध्ये तेरुतोशी इशिगे यांनी जवळजवळ तीच यंत्रणा स्वतंत्रपणे शोधून तिथे पेटंटचा अर्ज केला. मेगामिंक्स हे बाराफलकी पझलही अनेकांनी आपापल्या जागी, एकमेकांचं न पाहता काढलं होतं. नंतर पझलविक्रेते उवे मेफर्ट यांनी त्यातल्या काही पेटंटांचे हक्क विकत घेतले. तेव्हा ‘आतली यंत्रणा हुबेहूब आहे’ एवढ्यावर कोणालाही चोर म्हणू नका. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आपल्या शौकात वेळ लागत नाही.

माझी दुसरी भानगड अशीच होती. एका मॉडरने, म्हणजे तयार पझलांत घरी फेरफार करणाऱ्या शौकिनाने, सांगितलं की तुकड्यांच्या आतले कोपरे गोल करण्याची कल्पना माझी, कारखान्याने उचलली. पण कॉर्नर कटिंग (थर नीट जुळलेले नसतानाही क्यूब फिरणं) सुधारायला आतले कोपरे कानशीने गोल करणं हे ‘फ्लोरियन मॉड’ नावाने जुन्या क्यूबरना पाठ आहे. एका शौकिनाने आपल्या क्यूबवर केलेली घासाघीस पुढे सगळ्यांच्या साच्यात उतरली. लोहचुंबकांचंही तेच, कारखान्यांनी हात घालायच्या आधी लोक घरी बसून एकेक चुंबक चिकटवत होते. मी त्या मॉडरला त्याच्याही आधीचे फोटो दाखवले. त्याने माझ्याकडून खरेदी बंद केली. चालायचंच.

तुमच्या डिझायनरला आणखी एक विचारा, हक्क नक्की कशावर सांगताय? लोक सरसकट ‘माझं डिझाइन’ म्हणतात, पण त्यात चार वेगळ्या गोष्टी असतात. यंत्रणेला पेटंट लागतं आणि ते साधारणपणे अर्जापासून वीस वर्षं चालतं. दिसण्याला डिझाइनचा हक्क असतो. अमेरिकेत तो मंजुरीपासून पंधरा वर्षं मिळतो. युरोपीय संघात नोंदणी केली नसली तरी तिथे पहिल्यांदा जाहीर केल्यापासून तीन वर्षं नकलेविरुद्ध संरक्षण असतं. नवख्या डिझायनरला ही तीन वर्षांची सोय बहुधा माहीतच नसते. नाव आणि लोगो ट्रेडमार्कमध्ये येतात. फोटो, माहितीपत्रक, चित्रं हे कॉपीराइटचं क्षेत्र. मूळ फाइल त्याने बिनव्यापारी वापराच्या परवान्यावर फुकट वाटली असेल तर तो परवानाही वाचा.

हे कप्पे एकमेकांत मिसळले की काय होतं याचं उदाहरण खुद्द रुबिक क्यूबचंच आहे. त्याच्या आकारावर युरोपात त्रिमित ट्रेडमार्क होता. सिम्बा टॉइज या कंपनीने त्याला आव्हान दिलं आणि १० नोव्हेंबर २०१६ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं की तो आकार फिरण्याच्या तांत्रिक कामाशी बांधलेला आहे, हे आधी नीट पाहिलंच गेलं नव्हतं. यंत्रणेचं संरक्षण पेटंटने मागायचं, ट्रेडमार्कच्या मागल्या दाराने कायमचं नाही. त्याआधी अमेरिकेत लॅरी निकोल्स यांच्या १९७२ च्या पेटंटवरून खटला झाला होता. निकोल्स यांचं पझल २×२ चं, चुंबकांनी धरलेलं. १९८६ मध्ये अपिलात २×२ च्या पॉकेट क्यूबने पेटंटचा भंग केला हे कायम राहिलं, पण ३×३ बाबतचा निकाल फिरला. विकणारा तोच, आरोप करणारा तोच, आणि एक पझल दोषी तर दुसरं निर्दोष. म्हणून तुमच्या कॅटलॉगमधल्या प्रत्येक मालाचा हिशेब वेगळा मांडा. त्या कारखान्याचं सगळंच चोरीचं, असा सरसकट शेरा मारू नका.

माझ्या अष्टफलकाचं कायद्याने पाहिलं तर डिझायनरच्या हातात फार थोडं होतं. पेटंट नाही, नोंदणी नाही, तीन वर्षं उलटलेली. पक्कं सापडलं ते माहितीपत्रकातलं एक चित्र. बाणाचं टोक मूळ चित्रात चुकून उलट्या बाजूला होतं आणि कारखान्याच्या पत्रकातही ते उलटंच होतं. एवढ्यावर मी ‘कायद्याने ठीक आहे’ म्हणून विक्री चालू ठेवू शकले असते. पण आपले गिऱ्हाईक कायद्याची पुस्तकं उघडून बसत नाहीत. ‘केओ’ (नॉकऑफ, म्हणजे नक्कल) हा शब्द एकदा मालाला चिकटला की तो पेटंटच्या तारखा विचारत नाही. २००८ च्या सुमारास व्ही-क्यूब कंपनीचे ५×५ ते ७×७ क्यूब आले आणि मागोमाग दुसऱ्यांचे स्वस्त मोठे क्यूब आले. त्यावरून क्यूबरांमध्ये झालेली भांडणं काही जण अजून विसरलेले नाहीत. एकीकडे लोक स्वस्त माल घेत होते आणि दुसरीकडे तो विकणाऱ्याला शिव्या घालत होते. हे विचित्र आहे खरं, पण आपल्याला याच लोकांना माल विकायचाय.

गिऱ्हाइकांना काय सांगायचं? मी चार ओळी लिहिल्या होत्या. अमुक तारखेला अमुक पझलबद्दल तक्रार आली. विक्री थांबवली आहे. दोन्ही नग उघडून तुकड्यांचे फोटो काढले, ते सोबत आहेत. ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी थांबावं किंवा पैसे परत घ्यावेत. यात ‘चोरी’, ‘फसवणूक’, ‘प्रामाणिक’ असलं एकही विशेषण नव्हतं. विशेषण लिहिलं की ते सिद्ध करायची जबाबदारी तुमची, आणि बदनामीचा दावा कारखानाही लावू शकतो. नवीन काही कळलं की त्याच चार ओळींखाली तारीख टाकून भर घालायची, जुनं पुसायचं नाही. ज्यांनी आधीच घेतलंय त्यांना अपराधी वाटेल असं काही बोलू नका. त्यांनी पझल घेतलं, कट रचला नाही.

कारखान्याशी बोलताना गोड शब्दांचा उपयोग शून्य. साचा कधी कापला याचा पुरावा मागा, आणि डिझायनरकडे त्याने पहिल्यांदा कधी दाखवलं त्याचा. माझ्या कारखान्याने मोठ्या विश्वासाने साच्याचा फोटो पाठवला. त्यावर कोरलेली तारीख डिझायनरच्या पहिल्या व्हिडिओनंतर अकरा महिन्यांची होती! तरी ते हलले नाहीत. मग मी पुढच्या ऑर्डरची आगाऊ रक्कम रोखली. नाक दाबलं की तोंड उघडतं. दोन आठवड्यांत त्यांनी डिझायनरला नगामागे वाटा आणि खोक्यावर नाव द्यायचं मान्य केलं. कबुली मात्र कधीच दिली नाही, ‘सहकार्य’ म्हणाले. मी शब्दावर अडून बसले नाही, कागदावर अडून बसले. कोणत्या आकारांना लागू, किती नगांपर्यंत, हिशेब दर किती महिन्यांनी, आणि नवीन साचा केला तर काय, हे सगळं लिहून घेतलं. आधी विकल्या गेलेल्या नगांचा वाटा द्यायला त्यांनी साफ नकार दिला. तो मी माझ्या नफ्यातून दिला आणि मला तो झोंबला, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून कुठल्याही कारखान्याच्या ऑर्डरमध्ये मी एक कलम घालते: डिझाइनवरून दावा आला तर शिल्लक माल परत घेऊन पैसे द्यायचे. निम्मे जण सही करायला कांकूं करतात. त्यांचा माल मी घेत नाही.

आता तुमचे चाळीस नग. डिझायनर खरा निघाला तर निर्णय त्याला विचारून घ्या. तो म्हणाला विका, तर त्याचं नाव टाकून, वाटा देऊन विका. तो नाही म्हणाला तर कारखान्याकडे परत पाठवायचा प्रयत्न करा. ‘नुकसान तरी भरून निघेल’ म्हणून सवलतीत उडवू नका, आणि सुट्या भागांच्या नावाने तर अजिबात नको, ती विक्रीच आहे. डिझायनर खरा नसेल तर फोटोंसकट कारण लिहा आणि विक्री नेहमीच्या किमतीला पुन्हा सुरू करा. नक्की काहीच कळलं नाही तर खोकं बंद ठेवा आणि नवीन ऑर्डर देऊ नका. माझं तिसरं खोकं तसंच पडलंय.

अष्टफलकाचे माझ्याकडे एकोणीस नग उरले होते. करार झाला तरी ते खाचवाले नग विकू नयेत असं डिझायनरचं म्हणणं पडलं. कारखाना परत घेईना. शेवटी मी ते त्यालाच पाठवून दिले. त्याने सगळे उघडून आतले स्क्रू आणि स्प्रिंगा काढून घेतल्या आणि स्वतःच्या प्रिंट केलेल्या नगांत बसवल्या. स्प्रिंगा चांगल्या होत्या म्हणाला.