गावातल्या तृतीयपंथी भावंडाला नैराश्य आलंय, घरच्यांनी नेमकं काय करावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून : भावंड बावीस वर्षांचं, जन्माने मुलगा, पण ती स्वतःला मुलगी म्हणते. दोन महिने जेवण-झोप नाही, "जगून काय करू" म्हणते. घरचे देवऋषी नाहीतर लग्न एवढंच बोलतात, आणि मानसोपचारतज्ज्ञ ६० किलोमीटरवर.

आधी आजचं काम. फवारणीचं औषध, उंदराचं औषध कुलपात घाला, शेतातल्या खोपीतलंही. जीव द्यायची ऊर्मी पुष्कळदा थोडाच वेळ टिकते. त्या वेळात विष हाताशी नसलं तर माणूस वाचतो. मग "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. कसं करायचं हेही तिने ठरवलं असेल, तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्याच्या तातडीच्या विभागात न्या. काही प्यायलीच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ला फोन करा, औषधाचा डबा सोबत न्या. पोलीस केसच्या भीतीने लोक इथेच वेळ घालवतात. पण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतात, वेगळं सिद्ध झाल्याशिवाय त्याला शिक्षा होत नाही.

एवढी घाई नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. फोन तिने स्वतः करावा, घरात कान असतील तर रानात जाऊन. गावातल्या कुणाला मध्यस्थ घेताना तिला विचारा. आशाताई कितीही चांगली असली तरी ती कुणाची तरी जाऊ-नणंद असतेच.

मग सिव्हिल, म्हणजे जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय. मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते आणि त्यांचं पथक तालुक्याला येतं का, हे आधी विचारून घ्या. गाडी बिघडते ती केसपेपरवर. सोबतचा माणूस "मुलीसारखा वागतो" अशी तक्रार सांगतो आणि तपासणी तिकडेच वळते. मुलगी असणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीतही ते मानसिक आजारांत धरलेलं नाही. तक्रार सांगायची ती झोप, भूक, रडू, मरणाचे विचार, कधीपासून, एवढीच. ओळख कळली तर हरकत नाही, पण ती तिने सांगावी. "बदलून देतो" म्हणणारा डॉक्टर भेटला तर उठून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्येच हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवलाय. रांगेत जुन्या नावाने मोठ्याने पुकारा होतो, त्या धास्तीने पुष्कळजणी दुसऱ्यांदा येत नाहीत. तुम्ही दारापाशी थांबा आणि सिस्टरना आधीच सांगा की नंबरने बोलवा.

नैराश्याच्या गोळीचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थपणा मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवू शकतो. म्हणून लोक गोळी टाकून देतात, किंवा बरं वाटलं की थांबवतात. दोन्ही चूक, अचानक बंद केली तर चक्कर, चिडचिड होऊ शकते. अस्वस्थपणा फार वाढला किंवा मरणाचे विचार वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. साठ किलोमीटरचा हेलपाटा वाचवायचा तर डॉक्टरांना म्हणा, "तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळेल अशीच गोळी लिहा."

देवऋषीबद्दल एवढंच, की भूत उतरवायच्या नावाखाली दोरीने-साखळीने बांधणं, मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. लग्नाने तर दोन घरं बुडतात.

अजून एक गोष्ट न रागावता विचारा : मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून घेते का? अंग बाईसारखं व्हावं म्हणून अनेकजणी दिवसाला दोन-तीन खातात. त्यांतल्या इस्ट्रोजेन या हार्मोनने रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, तंबाखू-सिगारेट असेल तर जास्तच, आणि काही गोळ्यांनी मनही खचतं. एकच पाय सुजून दुखला, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर ओपीडीची वाट न बघता तातडीच्या विभागात जा आणि गोळीचं पाकीट दाखवा.