'पुरुषांसाठी'ची बाटली घ्यायच्या आधी रक्त तपासून घ्या

वय 38, शाकाहारी, हिंजवडीत दिवसभर एसीत बैठं काम, सहा महिन्यांपासून थकवा आणि रात्री तळपायांना मुंग्या, असं तुम्ही लिहिलंय. विचारलंय एवढंच, की 'खास पुरुषांसाठी' लिहिलेली चाळीस घटकांची महागडी मल्टिव्हिटॅमिनची बाटली मागवू, की मेडिकलमधली साधी बी कॉम्प्लेक्स घेऊ. साताऱ्यात सव्वीस वर्षं औषधांचं दुकान चालवतोय. माझं म्हणणं, आज दोन्ही घेऊ नका. आधी बी-12, व्हिटॅमिन डी आणि सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी) करून घ्या. तेही पहिली गोळी घ्यायच्या आधी, कारण गोळ्या सुरू झाल्या की रक्तातला बी-12चा आकडा चढतो, रिपोर्ट नॉर्मल दिसतो आणि मूळ कमतरता किती होती ते कळतच नाही.

थकव्याची कारणं पन्नास असतील. मला काळजी वाटते ती मुंग्यांची, कारण बी-12 कमी पडलं की नसा झिजतात आणि अशा मुंग्या येऊ शकतात. बी-12 मिळतं मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यातून. शाकाहारी माणसाची सगळी भिस्त दुधावर, आणि बहुतेकांचं दूध म्हणजे चहात पडतं तेवढंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. 2006 साली ती प्रसिद्ध झाली. जवळपास दोन-तृतीयांश जणांचं बी-12 कमी निघालं, आणि सर्वांत जास्त कमतरता होती मध्यमवर्गात. चांगलं खाऊन-पिऊन सुखी असलेल्या घरांत!

आता गोळीचा हिशेब बघा. साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी-12 एक-दोन मायक्रोग्रॅमपासून फार तर पंधरापर्यंत असतं. आपलं आतडं एका वेळेला नेहमीच्या वाटेनं दीड-दोन मायक्रोग्रॅमच उचलतं, उरलेल्यातलं जेमतेम एक टक्का झिरपतं. रोजची गरज भागवायला एवढं पुरतं, पण वर्षानुवर्षं रिकामा झालेला साठा त्यानं भरत नाही. त्यासाठी 1000 मायक्रोग्रॅमची वेगळी गोळी किंवा इंजेक्शनचा कोर्स लागतो. मुंग्या असतील तर डॉक्टर बहुधा इंजेक्शनच सुरू करतात. ही दोन्ही बी-12चीच रूपं, त्यामुळे मिथाइलकोबालामिनच हवं असा हट्ट नको, सायनोकोबालामिन स्वस्त आहे आणि कामही करतं.

माझ्या थोरल्या भावाला मी स्वतः चार वर्षं मल्टिव्हिटॅमिन देत होतो. तपासणी कधी केलीच नाही. त्या गोळीत फॉलिक ॲसिड होतं, त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक राहिलं आणि आम्ही निश्चिंत. फॉलिक ॲसिड रक्त सावरतं, नसांची झीज मात्र आतून चालूच राहते. पायातली चप्पल निसटलेली कळेना, तेव्हा कुठे बी-12 तपासलं. इंजेक्शनांनी बरंच सुधारलं, पण अंगठ्यांचा बधिरपणा गेला नाही. म्हणून एवढं कळकळीनं लिहितोय.

डी कमी निघालं तर डॉक्टर 60,000 युनिटची गोळी किंवा सॅशे देतील. ती आठवड्यातून एकदा घ्यायची. रोज घेऊन रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं, उलट्यांनी बेजार झालेलं गिऱ्हाईक मी पाहिलंय.

रिपोर्ट चांगले आले, किंवा कमतरता भरून निघाली, की मग रोजची गोळी खुशाल निवडा. 'पुरुषांसाठी'च्या गोळीत कामाचा फरक सहसा एकच, लोह नसतं किंवा कमी असतं. हिमोग्लोबिन चांगलं असलेल्या पुरुषाला ते योग्यच. बाकी जिनसेंग वगैरे नावं लेबलवर मोठी असतात आणि मात्रा चिमूटभर. लेबलवर प्रत्येक व्हिटॅमिन रोजच्या गरजेच्या शंभर टक्क्यांच्या आसपास असेल तर बस. जास्त म्हणजे चांगलं, असं इथे नसतं. अमेरिकेत पस्तीस हजारांवर पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी जास्त आढळला. फिनलंडमध्ये बीटा-कॅरोटिन (शरीरात ज्याचं व्हिटॅमिन ए बनतं तो घटक) घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग वाढला. सिगारेट ओढत असाल तर बीटा-कॅरोटिनवाली गोळी नकोच.

साध्या मात्रेच्या मल्टिव्हिटॅमिनचीही मोठी चाचणी झालीय, पन्नाशीच्या पुढच्या 14,641 अमेरिकी पुरुष डॉक्टरांवर, सुमारे अकरा वर्षं. कर्करोगाचं प्रमाण आठ टक्क्यांनी कमी दिसलं, हृदयविकारात काही फरक नाही. त्यामुळे अपेक्षा तेवढ्याच ठेवा.

केसांसाठी बायोटिनच्या गमीज खात असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. त्यानं थायरॉइडचे आणि हार्ट अटॅकच्या ट्रोपोनिन तपासणीचे आकडे चुकू शकतात. गोळी जेवणानंतर घ्या, डी जिरायला जेवणात थोडं तेल-तूप लागतं. लघवी पिवळीधमक झाली तर घाबरू नका, ते बी-2 आहे.

आणि वडिलांना मधुमेह आहे, बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, असंही तुम्ही ओघात लिहिलंय. मेटफॉर्मिननं बी-12 हळूहळू कमी होतं. तुमचं रक्त द्यायला जाल तेव्हा त्यांनाही बरोबर घेऊन जा.