एलडीएल 114 आलंय, म्हणजे काळजीचं कारण नाही ना?

तुम्ही दिलेले आकडे: एकूण कोलेस्टेरॉल 212, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) 310, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) 36, व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड्स वाहून नेणाऱ्या कणांतलं कोलेस्टेरॉल) 62, एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) 114. वय 42, मधुमेह नाही. एलडीएल शंभरीच्या थोडंच वर आहे, पण त्या 114 वर विसंबू नका.

तो आकडा मोजलेला नाही, वजाबाकीने काढलेला दिसतो. 310 ला 5 ने भागलं की 62, तेच व्हीएलडीएल म्हणून छापलंय. 212 मधून 36 आणि 62 वजा केले की नेमके 114 उरतात. हे 1972 सालचं फ्रीडवाल्ड सूत्र. ट्रायग्लिसराइड्स 150 च्या आत असतील तर ते चांगलं चालतं. ते चढले की 5 ने भागणं गैरलागू होतं: व्हीएलडीएल फुगतं आणि एलडीएल आहे त्यापेक्षा कमी दिसतं. 400 च्या वर तर हे सूत्र वापरूच नये.

तुमच्या बाबतीत मी नॉन-एचडीएल बघेन: 212 वजा 36, म्हणजे 176. रक्तवाहिन्यांत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल यात येतं. हे साधारण 130 च्या आत हवं. हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर त्याहूनही कमी. पुरुषांत एचडीएल 40 च्या खाली असणंही चांगलं नाही.

ट्रायग्लिसराइड्स वाढले की घरात आधी तूप आणि अंडी बंद होतात. पण बहुतेक वेळा ते चढतात साखर, मैदा, जास्तीचा भात, दारू आणि पोटाच्या घेरामुळे. गोड चहा-बिस्किटं तशीच चालू ठेवून नुसतं तूप सोडलं तर आकडा फारसा हलणार नाही. 500 च्या पुढे गेल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तेव्हा थांबू नका.

दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करा. आधीचे तीन दिवस दारू नको, जेवण नेहमीचंच. रात्रीच्या जेवणानंतर 12 तास फक्त पाणी. ताप किंवा मोठं आजारपण नुकतंच झालं असेल तर थांबा, त्यात कोलेस्टेरॉल खोटं कमी येतं. लॅबला 'डायरेक्ट एलडीएल', म्हणजे थेट मोजलेलं एलडीएल, मागा. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि एचबीए1सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) करा, कारण मंदावलेलं थायरॉइड आणि लपलेला मधुमेह दोन्ही हेच चित्र दाखवतात. ब्लड प्रेशर, तंबाखू-सिगारेट आणि वडील-भावंडांना कमी वयात आलेला हार्ट अटॅक, हे डॉक्टरांना न विचारता सांगा; गोळी सुरू करायची की नाही हे त्यावरही ठरतं.